बाहेर सरकलेला दगड

ती घटना काही केल्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; ते फायलीत गेले आणि मिटले. ही दगडाची केस मात्र अजून मला अधूनमधून अस्वस्थ करते.

अंबड तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो होता. त्याच्या भिंतीबाहेर शेतकऱ्यांच्याच जमिनीचा एक पट्टा. तिथं पेरा, गुरं चारा, पण घर बांधायचं नाही की प्लॉट पाडायचे नाहीत. पट्टा कुठं संपतो ते कळावं म्हणून पांढरे रंगवलेले दगड सिमेंटात रोवलेले. एक दिवस डेपोचे सुभेदार तणतणत ठाण्यात आले. कोपऱ्यातला दगड कुणीतरी उपटून दुसरीकडे रोवला होता. तक्रार घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली.

त्याच दुपारी फाट्यावरच्या चहावाल्यानं आमच्या हवालदाराला टीप दिली. "तो प्लॉटिंगवाला एजंट लई चकरा मारून राह्यलाय तिकडं. त्या मेंढरंवाल्या आबाच्या पोराला रोज चहा पाजतो." झालं! मला वाटलं, गुन्हेगार आयताच सापडला. या एजंट लोकांचा मला आधीपासूनच तिटकारा.

एजंट गॉगल डोक्यावर चढवून आला आणि न विचारता खुर्ची ओढायला लागला. "उभा राहा," म्हणालो, "आणि दगड का हलवलास ते सांग."

"देवाशपथ साहेब, मी कशाला हलवू? बराबर बघा तरी! दगड बाहेरच्या अंगाला सरकलाय. आबाचं अख्खं रान पट्ट्यात गेलं. माझा सौदाच बोंबलला ना! सातबारा पोराच्या नावानं हाय, पोरगा बी तयार हाय."

"आणि आबा?"

"म्हाताऱ्याला विचारतो कोण, साहेब?"

त्याला एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं, पण बोलला ते खरंच होतं. जमीन हडपणारा दगड आत ढकलतो. स्वतःचं रान बंधनात घालणारा मी कधी पाहिला नव्हता.

पंचांना घेऊन जागेवर गेलो. पंचनाम्यात नव्या जागचा दगड उपटला तर खाली मूठभर कोळसा आणि फुटक्या मडक्याच्या खापऱ्या. मी तिथंच बसलो. बांधाच्या दगडाखाली कोळसा घालायची आमच्याकडे जुन्या माणसांची रीत. दगड गेला तरी कोळसा कुजत नाही, उकरलं की खरी हद्द सापडते. माझ्या वडिलांनी घातलेला मी लहानपणी पाहिला होता. ते रान आम्ही भावांनी केव्हाच विकलं, आता तिथं मंगल कार्यालय आहे. हातातला कोळसा बघून वडिलांची फार आठवण झाली.

आबांना ठाण्यात बोलावलं. खांद्यावर घोंगडी, खुर्चीवर बसायला तयार नाहीत. शेजारी मुलगा, फोनमध्ये मान घालून.

"आबा," मी सहज विचारल्यासारखं केलं, "हद्दीच्या दगडाखाली कोळसा घालावा का हो?"

"घालावाच लागतो की! न्हाई तर हद्द कशी ऱ्हाईल?" ते तडक म्हणाले. खोटी हद्द रोवतानाही गड्याचा हात रीत सोडायला तयार नव्हता.

"म्हणजे तुम्हीच?"

"मीच." त्यांनी हात जोडले. "मिल्ट्रीच्या पट्ट्यात बांधता येत न्हाई ना? मंग माझं बी रान त्यात जाऊ द्या. तिथल्या बाभळीखाली माझा जल्म झाला साहेब. मला जेलात टाका, बिलकुल काही म्हननार न्हाई. पन दगड तिथंच राहू द्या."

मुलानं आता मान वर केली. "आबा, मला सांगायचं तरी."

"सांगितल्तं की. तू फोनवर होतास."

मी समजावलं की दगड हलवून नकाशा हलत नाही.

"नकाशा कुठं असतो?"

"जालन्याला. मिल्ट्रीच्या हापिसातही."

"लई लांब हाय," आबा पुटपुटले.

हे सगळं ऐकत बसलेल्या सुभेदारांचा आवाजही खाली आला. वरिष्ठांशी बोलून त्यांनी माफीनाम्यावर प्रकरण मिटवलं. दगड मूळ जागी गेला. वर्षभरात मुलानं रान विकलं. कायद्यानं सगळं चोख झालं होतं. गुन्हा शोधताना कुणाला काय मिळालं हे आम्ही आधी बघतो. कुणाच्या हातून काय निसटतंय हे विचारायला या केसनं मला शिकवलं.

निवृत्तीनंतर एकदा शहागडकडे जाताना गाडी तिकडे वळवली. आबांच्या रानात रंगीत बंगले उभे होते. पट्टा तेवढा मोकळा, आणि त्यात आबा, चार मेंढरं घेऊन. मला ओळखलं त्यांनी.

"साहेब, मिल्ट्रीला सांगून हा पट्टा जरा रुंद करता येईल का हो?"

"आता माझं कोण ऐकतं आबा? मी रिटायर झालो."

त्यांनी घोंगडीची घडी मोडली आणि निम्मी माझ्याकडे पसरली.

"मंग बसा की. हितून कुनी उठवत न्हाई."