लाल शाईतली पत्रं

पांढरकवड्याच्या स्टँडवर मी पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हा बाबांनी खिडकीतून आत हात घालून दोन गोष्टी दिल्या: आईने बांधलेला डबा आणि पोस्टातून आणलेली दहा आंतर्देशीय पत्रं. "पोहोचली की लिहिजो. इंग्रजीत. फोनवर नाही, कागदावर," एवढंच म्हणाले. शेजारी शबाना उभी होती, रडत होती. मी रडले नाही. मला नोकरी लागली होती, ती मागे राहणार होती आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला होता.

शबाना आमच्या शेजारच्या मिस्त्रीचाचांची मुलगी, माझ्याच वर्गातली. बाबा कचेरीत कारकून. साहेबांची इंग्रजी पत्रं टाईप करून करून त्यांना इंग्रजीचं वेड लागलं होतं. संध्याकाळी ओट्यावर आम्हा दोघींना शिकवायचे. मराठीत 'वर', 'खाली' हे शब्द नामाच्या नंतर येतात, इंग्रजीत ते आधीच येऊन उभे राहतात, तिथेच आपल्या पोरांची गाडी अडते, असं त्यांचं म्हणणं. मग इन, ऑन, अंडर सुरू व्हायचं आणि वाक्यं सगळी हायवेवरच्या गॅरेजमधली. पाना पेटीत, पेटी ट्रकवर, मिस्त्री ट्रकखाली. शबाना फटकन उत्तर द्यायची, कारण तिचे अब्बा खरंच ट्रकखाली असायचे. बाबांच्या एकाही वाक्यात मी नव्हते. मी नुसती जळायची.

पुण्याला येऊन आता अकरा वर्षं झाली. दर आठवड्याला मी पत्र लिहायची आणि बाबा त्याच कागदावर लाल शाईने चुका काढून तो परत पाठवायचे. डिस्कसपुढे अबाउट लावलं की खाली दोन रेघा. ऑफिसात मेल पाठवण्याआधी लोक मला वाचायला द्यायचे, इथे ॲट लागेल की इन म्हणून विचारायचे. बरं वाटायचं. पण खरा आनंद व्हायचा तो सोसायटीच्या पेटीत लाल रेघांचा कागद सापडला की.

गेल्या वर्षी पत्रं लाल रेघांशिवाय परत यायला लागली. खाली फक्त 'गुड'.

दिवाळीत घरी गेले तर ओट्यावर बाबांच्या उजव्या हाताला शबाना बसलेली. ती आता ट्रक ड्रायव्हरांच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते आणि उद्याचा धडा आदल्या दिवशी बाबांना दाखवते. मी तिची वही ओढून उघडली. पानं लालेलाल. लाल रेघांपलीकडे मी काही वाचलंच नाही. जेवताना बाबांना विचारलं, माझ्या पत्रांना शाई पुरत नाही का?

"तुह्यात आता काय चुका काढू?" ते म्हणाले. "तू पुण्याची झाली. हिले पोरं शिकवाची हायेत."

कौतुकच होतं ते. मी ताट घेऊन उठले.

माझ्यासारखं गाव सोडून गेलेलं कुणी हे वाचत असेल तर त्याला कळेल. आपण जातो आणि समजतो की आपली जागा तशीच राखून ठेवलेली आहे.

पुण्याला परतल्यावर मी पत्र लिहिलं आणि मुद्दाम तीन चुका केल्या, पाचवीच्या पोरानेही पकडाव्यात अशा. आठवड्याने पाकीट आलं. तिन्ही चुकांखाली दोन-दोन लाल रेघा होत्या आणि तळाशी बाबांचं अक्षर: "ह्या चुका तुह्या नाहीत. काहून केल्या?"

पाकिटात शबानाची चिठ्ठीही होती. "तुह्यं पत्र परत धाडायच्या आधी काका त्यातली वाक्यं उतरवून घेतात. माह्या वहीत तीच हायेत, तू पाह्यली नाही? ताई पुण्यात, ताई बसमध्ये, ताई लिफ्टमध्ये. पोरं तुलेच घोकून राह्यली. माह्यावर एकबी वाक्य नाही. मले कसं वाटत असंल?"

पहिल्यांदा वाचली तेव्हा, लाज वाटते सांगायला, मी खूश झाले. तिला जळताना बघायची मी किती वर्षं वाट पाहिली होती.

मग पुन्हा वाचली. त्या वाक्यांत मी पुण्यात होते, बसमध्ये होते, लिफ्टमध्ये होते. ओट्यावर बसलेली मी एकाही वाक्यात नव्हते.

शनिवारचं गावाकडचं तिकीट काढलं आहे. शबानाला सांगणार आहे, जरा सरक.