आईच्या हातावरची तुळस

इथं नेदरलँड्समध्ये, आल्मेरे गावात, लेकीच्या शाळेत चित्रकलेच्या बाईंनी आजच्या माओरी कलाकारांची कामं दाखवली. न्यूझीलंडची ही मूळची माणसं. पूर्वजांच्या अंगावर गोंदलेली नक्षी ती आता काचेवर, पत्र्यावर नव्यानं मांडतात. बाईंनी बजावलं, त्यांची नक्कल करायची नाही, आपापल्या घरातली नक्षी शोधायची.

दप्तर टाकत लेक म्हणाली, "आजीचा हात." मराठी तिला सगळं कळतं, बोलते डचमध्ये. 'आजी' हा शब्द तेवढा मराठीत.

माझ्या आईच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, बाजूनं ठिपक्यांची वेल. पुण्याला गेलं की लेक त्या ठिपक्यांवर बोट फिरवत झोपायची. तिच्याआधी मी. 'होतं' म्हणते, कारण गेल्या हिवाळ्यात इकडे यायच्या आधी आईनं ते लेझरनं काढून टाकलं, कुणाला न विचारता. "तुमच्या तिकडे बरं दिसत नाही," म्हणाली. मीही शहाणी, "छान केलंस" म्हणून मोकळी झाले. थंडीत आईचा स्वेटर काही निघाला नाही, त्यामुळे लेकीला पत्ताच नव्हता.

आता तिनं व्हिडिओ कॉल लावला. आईनं हात पुढे केला. नक्षीच्या जागी नुसते फिकट चट्टे. लेकीनं वळून माझ्याकडे बघितलं. मला आधी आईचाच राग आला. एवढी कसली घाई झाली होती बाई तुला? मग जुने फोटो धुंडाळायला बसले, तर प्रत्येक फोटोत तो हात पदराखाली. बैल गेला आणि झोपा केला.

शेवटी लेकीनं कॉलवर आजीला विचारत विचारतच चित्र काढलं. "गोंदताना इथं फार दुखलं होतं," आई बोट ठेवून सांगायची, "म्हणजे इथं ठिपका असणार." लेकीनं तपकिरी हात रंगवला आणि नक्षी फिकटच ठेवली, आता आहे तशी.

चित्र शाळेच्या भिंतीवर लागलं. मी आईला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"माझी आई म्हणायची, सोनंनाणं इथंच राहतं, मेल्यावर गोंदण तेवढं बरोबर येतं." मग म्हणाली, "पोरीला हवं होतं हे कुणी सांगितलं असतं, तर ठेवलं असतं गं."

मलाही हवं होतं, आई. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "जाऊ दे आता. जेवलीस का?"