लान-सोची जीभ

आमच्या स्टेशनमागच्या गल्लीत तेक-कोसारखा बढाईखोर माणूस दुसरा नव्हता. पण त्याच्यासारखं ‘बाक कुत तेह’ नावाचं मांसाचं सूपही मलेशियातल्या आमच्या अख्ख्या क्लांग शहरात दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं, म्हणून आम्ही ती बढाई मुकाट्यानं ऐकून घ्यायचो. डुकराच्या बरगड्या, लसणाचे अख्खे गड्डे, दालचिनी, चक्रीफूल आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधलेली कसलीकसली औषधी मुळं, हे सगळं तो पहाटेपासून शिजवायचा. आम्ही सकाळी आपापली चहाची पत्ती घेऊन जायचो. प्रत्येक टेबलाशेजारी शेगडीवर उकळत्या पाण्याची किटली असायची. वाटीभर सूप, कांद्याच्या तेलातला भात आणि वर स्वतःच्या पत्तीचा कडक चहा. माझं पडद्यांचं दुकान त्याच्यापासून दोन दारं सोडून. माझे केस पिकले तरी तो मला आ-मोई, म्हणजे पोरी, अशीच हाक मारायचा.

"काय आ-मोई, आहे का जगात असा दुसरा हात?" असं तो रोज विचारायचा.

खरी गोष्ट मला ठाऊक होती, कारण माझं दुकान मी लवकर उघडते. पहिली पळी तो बायकोपुढे धरायचा. लान-सो, म्हणजे आमची सगळ्यांची लान वहिनी, फुंकर मारून घोट घ्यायची आणि म्हणायची, "सोया थोडा," किंवा "अजून अर्धा तास." तिनं मान हलवल्याशिवाय एक वाटी बाहेर यायची नाही. पण दुकान उघडलं की हात तेक-कोचा! ती बिचारी मागे भांडी घासायची. मला भारी राग यायचा. एकदा मी तिला तसं म्हटलंही, तर म्हणाली, "मिरवू दे गं. तेवढीच त्याची हौस."

मग गेल्या वर्षी तेक-को मोरीतल्या ओल्या फरशीवर घसरला आणि डोक्यावर आपटला. इस्पितळात तो डोळे उघडेना. लान-सो तडक कुआन इमच्या देवळात गेली आणि त्या दयेच्या देवीला तिनं सांगितलं, "याला जागं कर. मी जन्मभर मांसाला तोंड लावणार नाही." तो जागा झाला, आणि तिनं त्या दिवसापासून मांसाच्या सुपाचा थेंबही जिभेवर ठेवला नाही.

दुकान पुन्हा उघडलं. आम्ही हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. पहिला घोट घेतला आणि एकमेकांची तोंडं बघितली. सूप खारट. समुद्र बरा, इतकं खारट!

"कसं झालंय?" तेक-कोनं विचारलं. डोक्यावर अजून पट्टी होती.

"फक्कड!" आमच्या टेबलावरचे कुलूपवाले सिआ काका म्हणाले. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार? तो आत वळला तसं काकांनी किटली उचलली आणि वाटीत पाणी ओतलं. मग मी ओतलं. पलीकडच्या टेबलावरही तेच.

असं महिनोन्महिने चाललं. सूपही किटलीचं आणि चहाही किटलीचा. मी काकांना म्हणायची, "अहो, सांगा ना त्याला कोणीतरी." ते म्हणायचे, "तू सांग. तुझं तोंड चालतं ना एरवी?" पण तेक-को समोर आला की माझंही तोंड बंद. लान-सोला विचारावं तर तिला चव ठाऊकच नाही.

एका रविवारी किटल्या भरता भरता तो दमला. "आज एवढा चहा पिताय तरी किती?" असं म्हणत तो भरलेली किटली घेऊन बाहेर आला, आणि सिआ काका नेमके वाटीत पाणी ओतत होते. काकांचा हात तसाच राहिला. तेक-कोनं दुकानभर नजर फिरवली. सगळ्या टेबलांवर किटलीची तोटी वाटीवर.  त्यानं हातातली किटली हळूच आमच्या शेगडीवर ठेवली आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी मागच्या दारानं आत शिरले. दोघं थंड चुलीपुढे बसलेली.

"मला वास येत नाही, आ-मोई," तो म्हणाला. "पडलो तेव्हापासून. चवही नाही. भात काय, मटण काय, सगळं चघळलेल्या कागदासारखं. सांगितलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं. दुसरं काय येतं मला?"

"अरे, पण मला तरी सांगायचंस!" लान-सो रडत म्हणाली. "मी चाखते. उद्यापासून मी चाखते."

"खबरदार! शब्द दिलायस तू. मोडलास आणि तुला काही झालं तर?"

"मला? मोडला तर तू जाशील, मेल्या! तुझ्यासाठीच दिलाय ना तो!"

दोघं एकमेकांसाठी घाबरलेली, आणि मध्ये चूल थंड. मला दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटला, आणि रडूही आलं.

 तेक-को एकदम उठला. "चला देवळात. तुझं व्रत मी घेतो. मी मांस सोडतो, तू सुटलीस."

लान-सोनं हात झटकले. "ज्याला चवच नाही त्यानं मांस सोडायचं! देवी काय दुधखुळी आहे?"

"विचारून तर बघू."

दुपारी देवळात आम्ही तिघंच होतो. उदबत्त्या लावल्या. तेक-कोनं कौलाचे ते दोन लाकडी तुकडे हातात घेतले, चंद्रकोरीसारखे, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. एक उताणा आणि एक पालथा पडला तर देवीचा होकार. त्यानं सगळं मोठ्यानं सांगून कौल टाकला. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली.

"बघ," लान-सो म्हणाली. "हसतेय तुला. फुकटचं काही चालत नाही तिथं."

तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. मान खाली. मला वाटलं, आता उठेल. पण तो हळू आवाजात बोलू लागला. "मग हिच्या व्रताच्या बदल्यात मला खरंच जे आवडतं ते सोडतो, ही बढाई. इतकी वर्षं मी लोकांना सांगितलं की माझा हात, माझा हात. हात कसला? जीभ हिची होती. मी पडेपर्यंत हिनं चाखल्याशिवाय एकही वाटी बाहेर गेली नाही. उद्यापासून दुकानात मी सगळ्यांना हेच सांगेन. मी मेलो तरी लोकांनी सूप हिचं म्हणावं."

लान-सो खांबाकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

त्यानं कौल टाकला. एक उताणा, एक पालथा. मी ओरडलेच. पुजारी बाहेर बघायला आला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. बातमी गल्लीभर झाली होतीच, त्यामुळे आम्ही सगळे वेळेआधी येऊन बसलो. तेक-कोनं हंडा पार पुढे, टेबलांच्या मध्ये आणून ठेवला. लान-सोला हात धरून बाहेर आणलं. तिनं ओले हात कपड्यांना पुसले आणि आमच्याकडे बघून लाजली.

"हिच्या जिभेवर हे दुकान चालतं," तो म्हणाला.  "मी खोटं सांगत होतो."

त्यानं पळी तिच्यापुढे धरली. तिनं फुंकर मारली, घोट घेतला, डोळे मिटले. एवढ्या दिवसांनी मांसाचा घोट, तिला तो सोपा गेला नाही. तोंड वाकडं झालं. तिनं गिळला.

"खारट," ती म्हणाली. जे इतके महिने आम्हा सगळ्यांना मिळून म्हणता आलं नव्हतं, ते सगळ्यांसमोर, ठणठणीत आवाजात.

तेक-कोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.