पुढच्या फळीचे मुकादम

मुकादमांनी आयुष्यात कधी चेंडूकडे बघितलं नाही. आयर्लंडमधल्या ब्युमॉन्टजवळच्या एका मागून घेतलेल्या मैदानावर आम्ही दर रविवारी अमेरिकन फुटबॉल खेळायचो. आमच्याकडून चुकूनमाकून टचडाउन, म्हणजे या खेळातला गोल, झालाच, तर सगळे बोंबलत एकमेकांच्या अंगावर पडायचे आणि कडेला उभे असलेले मुकादम शांतपणे विचारायचे, "कोणी केला?" त्यांची नजर सगळा वेळ पुढच्या फळीतल्या पाच जाड्यांच्या पायांवर असायची. त्या पाचांत मी होतो. माझ्या पायांकडे इतक्या मायेने बघणारा माणूस मला त्याआधीही भेटला नाही आणि नंतरही नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांसाठी, थोडक्यात सांगतो. एक माणूस चेंडू लांब फेकतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. समोरच्या टीमचे रेडे त्याला आडवा करायला धावून येतात. त्या रेड्यांना अडवायला पुढे पाच जण उभे असतात. या पाचांनी चेंडूला हातही लावायचा नसतो. फेकणाऱ्याचा फोटो छापून येतो, झेलणाऱ्याचा येतो, आणि या पाचांची नावं त्यांच्या बायकांनासुद्धा अभिमानाने सांगावीशी वाटत नाहीत.

मुकादम मूळचे नागपूरचे. ड्रोहेडाजवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मशिनं तपासायचं काम करायचे. तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेले होते, तिथून पदवी आणि हे वेड बरोबर घेऊन आले. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ते खुर्च्या उचलणाऱ्यांवर असे काही ओरडायचे, की खरं आडनाव मागे पडून मुकादमच राहिलं. टीममधली आयरिश पोरं त्यांना 'मूक' म्हणायची. इतकं चुकीचं नाव मी दुसऱ्या कोणाला दिलेलं पाहिलेलं नाही.

माझी भरती मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात झाली. मी तिसऱ्यांदा शिरा घेत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "वजन किती बे तुझं?" मी पुण्याचा. अनोळखी माणसाने असं विचारणं मला अजिबात चालत नाही. पण तोंडात शिरा होता, त्यामुळे खरं उत्तर निघून गेलं. "एकशे आठ." मुकादम म्हणाले, "रविवारी दहाला ये. बूट मी आणतो." मी कॉम्प्युटरसमोर बसून मिळवलेल्या त्या देहाचं कोणीतरी कौतुक करतंय, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की गेलो.

आणि पहिल्याच मोसमात मी घोळ घातला. आमचा क्वार्टरबॅक कीरन, व्यवसायाने सुतार. हसरा, सडपातळ, बोलायला गोड. त्याने चेंडू उंच फेकला आणि मी मान वळवून वर बघितलं. लहानपणापासून गल्लीत, शाळेत, घरात एकच शिकवण मिळालेली, की चेंडूवरची नजर काढायची नाही. मी नजर ठेवली. तेवढ्यात माझ्या समोरचा रेडा मला ओलांडून गेला आणि कीरनच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. तो आवाज मला ऐकू आला. कीरन जमिनीवरून मला म्हणाला, "ग्रँड आहे रे, ग्रँड," म्हणजे त्यांच्या भाषेत ठीक आहे, आणि मग त्याला ओकारी आली.

मुकादम मला रागावले नाहीत, त्यांनी फॉर्म दिला. त्यांच्या कारखान्यात काही बिघडलं की छापील कागदावर लिहून द्यावं लागे, काय झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तसाच कागद त्यांनी फळीसाठी बनवला होता. मूळ कारणापुढे मी लिहिलं, 'क्रिकेट'. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काहून पाहिलं मांगं? तुझं काम समोर होतं ना बाप्पा." मी रडलो. त्यांनी सही केली आणि कागद फाईलला लावला.

हिवाळ्यात टीमची बैठक पबमध्ये भरली. सगळ्यांना एक पाहुणा अमेरिकन विद्यार्थी हवा होता, जो म्हणे हरणासारखा पळायचा. मुकादम संत्र्याचा रस घेऊन उभे राहिले. "पळणारा आणा, पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचवणार कोण, माझा सासरा? मला पाच माणसं द्या. तेच पाच, वर्षभर. मधे कोणी बदलायचा नाही. आधी यांना उभं करा, मग बाकीचं सजवा." कोणीतरी म्हणालं, त्यात क्रॅक काय, म्हणजे मजा काय? मुकादम म्हणाले, "काहीच नाही. पाया खोदण्यात कधी मजा असते का?" विद्यार्थी रद्द झाला. खरं सांगायचं तर मुकादमांचं भाषण थांबावं म्हणून रद्द झाला.

पण त्या बैठकीपेक्षा महत्त्वाचं दुसऱ्या दिवशी झालं. कीरनची बायको ड्रोहेडाला मुकादमांच्या घरी आली. तिला पाचवा महिना होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोच खांदा पुन्हा मोडला तर हात डोक्याच्या वर जाणार नाही. हात वर न जाणाऱ्या सुताराला कोण काम देणार? कीरन तिचं ऐकत नव्हता, म्हणून तुम्ही त्याला काढा, असं सांगायला ती आली होती. मुकादमांनी आधी तिला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, "मी काढला तर तो दुसरीकडे जाऊन खेळेल, आणि तिथली फळी कशी आहे मला माहीत नाही. एक मोसम दे. त्या खांद्यावर एकदा जरी पडला, तर मीच त्याचे बूट जाळीन." "एकच मोसम," म्हणून ती गेली.

त्यानंतर आम्हा पाचांचे हाल झाले. दोघे मीथचे शेतकरी भाऊ, एक नाइट क्लबच्या दारावरचा धिप्पाड रखवालदार, एक हॉस्पिटलातला वॉर्डबॉय आणि मी. प्रत्येक हालचाल तीन वेळा, कारण मशीनही तीनदा तपासल्याशिवाय पास होत नाही. सरावानंतर मुकादमांच्या घरी पंगत. आम्ही पाच जण जमिनीवर मांडी घालून, म्हणजे शेतकरी भावांची मांडी बसेपर्यंत निम्मं जेवण व्हायचं, आणि वाढायला कीरन. वरणभात, तूप, वहिनींचं वांग्याचं भरीत. पाचही जण तृप्त झाल्याशिवाय कीरनने घास घ्यायचा नाही, हा नियम. "ज्यांच्या जिवावर उभा राहतोस, त्यांना आग्रह करायला शीक," मुकादम त्याला सांगायचे. मुकादमांची लेक दारातून बघून म्हणायची, "डॅड, दे आर जस्ट फॅट लॅड्स, लाइक." मुकादम म्हणायचे, "हो, आणि तूप वाढ त्यांना."

तिसऱ्या सामन्यात कीरन पडला. डाव्या बाजूवर पडला, लगेच उठला, पण पडला. मुकादम सामना संपताच त्याच्या बायकोकडे गेले आणि स्वतःहून सांगून आले. तोपर्यंत तिला कोणी काही कळवलंही नव्हतं. सोबत त्यांनी भरलेला फॉर्म नेला होता. तिने तो फ्रिजवर लावला, असं कीरन सांगायचा.

शेवटच्या सामन्यात आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि एकच चाल उरली होती. माझ्यासमोर तोच रेडा होता, गेल्या वर्षीचा. चेंडू सुटल्याचा मला मागून आवाज आला. लोक ओरडायला लागले. माझी मान वळायला इतकी आसुसली होती, की मी दात आवळले, पाय रोवले आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहिलो. तो रागाने आयरिशमध्ये काहीतरी पुटपुटत होता. शिट्टी वाजली तेव्हा कळलं, की झेल सुटला आणि आम्ही हरलो. कीरन मात्र उभा होता. मुकादम मैदानात धावत आले, आणि त्या वयात, त्या पोटासकट, आम्हा पाचही जणांना एकेक करून मिठी मारली. हरल्याचं त्यांना बहुतेक कळलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी नागपूरला त्यांच्या आईला एकटीने राहणं जमेना, आणि मुकादमांनी नोकरी सोडली. विमानतळावर आम्ही पाच जण गेलो, कीरन आणि त्याची बायको बाळाला घेऊन आली. वहिनींची सगळ्यात जड ट्रंक खाली होती. शेतकरी भाऊ पुढे झाले, पण कीरनने त्यांना हाताने बाजूला सारलं. त्याने ती ट्रंक एका झटक्यात उचलली, डोक्याच्या वर नेली आणि उजव्या खांद्यावर ठेवली.

मुकादम ओरडणार असं मला वाटलं. आयुष्यभर ज्या माणसाला कधी गप्प बसता आलं नाही, तो तिथे तोंडावर हात धरून उभा राहिला. कीरनच्या बायकोने बाळ माझ्याकडे दिलं, ती मुकादमांजवळ गेली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. हे तिला कोणी शिकवलं, ते आजवर मला कळलेलं नाही.