मारका नव्हे, बुजरा

माझ्या नवऱ्याचं कौतुक मी सहसा चारचौघांत करत नाही. केलं की त्यांना ते खरं वाटतं आणि मग भाजी आणायला सांगितलेलंही ऐकू येत नाही. तरी आज करणार आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्र्यावरून जे काही झालं, त्यात तोंड सगळं माझं चाललं होतं आणि काम मात्र ते करत होते.

आमच्या घरी रॉटवायलर आहे. काळाकभिन्न, भुवयांवर दोन तपकिरी ठिपके, आणि डोकं एवढं मोठं की खिडकीतून नुसतं बाहेर काढलं तरी खालचा इस्त्रीवाला गाडी पुढं ढकलतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याच्या नावानं आधीच पुष्कळ कागद झालेत. यांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा तो कुत्रा. सहकारी परदेशी निघाला, कुत्र्याचं काय करायचं ते त्याला सुचेना, आणि आमचे हे “आठवडाभर ठेवू” म्हणून त्याला घरी घेऊन आले. तो आठवडा अजून चालू आहे.

आला त्या दिवशी हा आडदांड प्राणी जेवणाच्या टेबलाखाली घुसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मला वाटलं, नवीन जागा आहे, रुळेल. रुळलाही. आमच्याशी तर इतका की मी पोळ्या लाटत असले की माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायचा. पण बाहेर नेलं आणि समोरून हेल्मेट घातलेला माणूस आला, की त्याच्या अंगात काहीतरी शिरायचं. केस उभे, घशातून घरघर, आणि मग दोन पायांवर उभं राहून असं भुंकणं की रस्ता रिकामा व्हावा. तोंडाला स्टोल बांधलेल्या बायकांनाही तेच. आधी त्याच्या बाबतीत काय घडलं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. ज्याचा चेहरा दिसत नाही तो माणूस त्याला सहन व्हायचा नाही, एवढंच कळलं. आणि आमच्या शहरात मार्चपासून जूनपर्यंत उघडा चेहरा शोधावा लागतो. ऊनच असं असतं की स्कूटीवरच्या पोरी नुसते डोळे ठेवून बाकी सगळं बांधून टाकतात.

जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या, “हा रिअॅक्टिव्ह आहे. भीतीपोटी अंगावर जातो.” घरी येताना मी रिक्षात तो शब्द घोळवत होते. हे शांतपणे म्हणाले, “म्हंजी बुजरं हाय.”

बाहेर यांची मराठी अगदी इस्त्रीची असते, घरी ती फुलंब्रीची होते. यांचं बालपण तिथल्याच शेतात गेलेलं. मग त्यांनी मला समजावलं, की बैलांत एक मारका असतो आणि एक बुजरा असतो. मारका शिंग रोखून येतो, त्याला मारायचंच असतं. बुजरा गाडी घेऊन उधळतो, कारण त्याला रस्त्यातली पिशवीसुद्धा वाघ वाटते. माणूस दोघांमुळंही मरू शकतो, पण दोघांना एकच इलाज चालत नाही. “बुजऱ्याला वढत त्या पिशवीकडं न्यायचं नस्तं,” ते म्हणाले. “त्याला जेवढ्या लांबून सोसतंय, तेवढ्या लांब हुबं ऱ्हायचं. दम धरायचा.”

दम धरणं म्हणजे काय, ते मी नंतर पाहिलं. संध्याकाळी कामावरून आले की आमचे हे बैठकीच्या खोलीत हेल्मेट घालून बसायचे. हेल्मेट घालून बातम्या बघायचे आणि अधूनमधून भाकरीचा तुकडा टाकायचे. कुत्रा आधी दारापलीकडून बघायचा, मग दारात, मग सोफ्याच्या टोकाला. हेल्मेट सोसायला लागल्यावर माझा गुलाबी स्टोल आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला सुपरवायझर, तोंडाला फुलाफुलांचा गुलाबी स्टोल बांधून सोफ्यावर बसलेला. नेमकी त्याच वेळी माझी जाऊ न सांगता आली. तिनं चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, पण जाताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली आणि तिच्यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्यांनी कुत्र्याच्या तोंडाला जाळी आणली. बाजारात तिला मझल म्हणतात, हे तिला मुसकं म्हणायचे. मी संतापले. म्हटलं, लोक त्याला आधीच गुंड म्हणतात, त्यात तुम्ही बेडी घालून फिरवा. जाळी कुरवाळत ते म्हणाले, “कोळपणीला बैलाला मुसकं घालतेत. पिकात तोंड घालू ने म्हणून. तव्हा काय बैल चोर आस्तो का?” मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. भांडणात हरायला लागले की मी तिथंच जाते.

त्या जाळीची सवय लावायलाही त्यांनी बरेच दिवस घेतले. आत तूप लावायचे आणि नुसती समोर धरायचे. शेवटी शेवटी कुत्रा स्वतःच तीत तोंड खुपसून उभा राहायचा.

आणि मग, सगळं जरा रांगेला लागतंय असं वाटत असताना, लिफ्टचं दार उघडलं.

आत हे आणि कुत्रा, बाहेर चुकून आमच्या मजल्यावर आलेला, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला. मध्ये हातभरही अंतर नाही. मुसकं होतं म्हणून दात लागले नाहीत, पण कुत्र्यानं झेप घेतली, तो बिचारा मागं पडला, कोपर खरचटलं आणि बिर्याणी फरशीवर पसरली. यांनी कुत्र्याला आवरून मला हाक मारली, त्याला माझ्या ताब्यात दिलं, त्या माणसाला घरात बसवून पाणी दिलं, जखम धुतली, पुन्हापुन्हा माफी मागितली. तो माणूस समजूतदार निघाला. बिर्याणी मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींची होती.

त्या दुपारपासून बिल्डिंगच्या ग्रुपवर आमच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणीतरी केंद्र सरकारच्या त्या परिपत्रकाचा फोटो टाकला, धोकादायक म्हणून बंदी घालायच्या जातींचा. त्यात रॉटवायलरवर लाल गोल केलेला. मीही कमी नाही. मी वकील मैत्रिणीला फोन केला. वेगवेगळ्या राज्यांत लोक त्याविरुद्ध कोर्टात गेलेत, आधीपासून पाळलेल्या कुत्र्याची नसबंदी करा एवढंच त्यात होतं, ती आमच्या कुत्र्याची कधीच झालीये, सोसायटीला असं कुणाला हाकलता येत नाही, हे सगळं मी मुद्देसूद तयार केलं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग होती. विषय एकच, महिनाअखेर कुत्रा बाहेर. बाहेर म्हणजे कुठं, तर सगळे म्हणत, गावी शेतावर सोडा. पण फुलंब्रीचं घर आता बंद असतं आणि शेत बटईनं दिलंय. तिथं सोडणं म्हणजे साखळीला बांधून विसरणं. अनोळखी माणसाला घाबरणाऱ्या कुत्र्याचं तिथं काय होईल ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आदल्या दिवशी हे जेवले नाहीत. मीही नाही, पण मी तसं सांगितलं, त्यांनी सांगितलं नाही.

इथं खालच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून बुद्धलेणीवर जातात आणि परत आल्यावर सगळ्या मजल्यांवर खिरीची वाटी पाठवतात. आमच्या कुत्र्याची त्यांना मनस्वी भीती. तो जिन्यात असेल तर त्या दार लावून घेत. कधीतरी गप्पांत त्यांनी पहिल्या नेमणुकीचं सांगितलं होतं, सोयगावच्या बाजूच्या एका खेड्यातलं. खोली बघायला गेल्या की आधी आडनाव विचारलं जायचं, आणि मग खोली नेमकी कालच कुणालातरी दिलेली असायची. त्या हे हसत सांगतात. ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

मीटिंगला मी कागदांची फाईल घेऊनच बसले होते. यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “जरा दम धर.” बैलाला म्हणतात तसंच.

सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. त्यांची नात नुकती चालायला लागलेली, तिच्या काळजीनं ते बोलत होते. आज मला ते कळतं, तेव्हा मी फक्त दात आवळून ऐकत होते. ते म्हणाले, “कुत्रा कसा आहे, कुणी पाळलाय, हा प्रश्नच नाही. ही जातच वाईट आहे. रक्तातच असतं. या जातीला आपल्या बिल्डिंगमध्ये जागा नको.”

दोनतीन माना हलल्या. मी फाईल उघडली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, “जात सोडा. त्यानं काय केलं, तेवढं सांगा.”

आवाज चढवला नव्हता. वर्गात फळ्याकडं तोंड करून मुलांना विचारतात तसा साधा प्रश्न. पण मघाशी हललेल्या माना थांबल्या. कुत्र्याशी कुणाची तुलना करण्याचा बाईंचा विचार नव्हता, तसं कुणी सुचवलं असतं तर त्यांनी त्याला तिथंच झापलं असतं. त्यांनी फक्त ते वाक्य पूर्वी ऐकलेलं होतं. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नाहीत, आपण काय बोलून गेलो ते त्यांना तोंडातून निघाल्यावर ऐकू आलं असावं.

बाई पुढं म्हणाल्या, “मला तो आवडत नाही. मला त्याची भीती वाटते. पण त्यानं केलं काय आणि हे करणार काय, ते ऐकून ठरवू.”

मग हे उठले. मला वाटलं आता ते म्हणतील, काही करत नाही हो तो. कुत्रा पाळणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, मीही वर्षभर ज्याला त्याला हेच ऐकवत होते. हे म्हणाले, “तो काही करणार नाही असं मी म्हणणार नाही. चेहरा झाकलेला माणूस दिसला की तो घाबरतो, आणि घाबरला की अंगावर येतो. परवा माझं चुकलं. दार उघडल्यावर समोर कोण असेल ते लिफ्टमध्ये दिसत नाही, मी त्याला लिफ्टमधून न्यायलाच नको होतं. तुमची भीती खरी आहे. यापुढं तो लिफ्टमध्ये येणार नाही. जिन्यानंच जाईल, तोंडाला जाळी लावून, आणि प्रत्येक वळणाला मी ‘आम्ही येतोय’ म्हणून आवाज देईन. ज्याला थांबायचंय त्यानं वर किंवा खाली थांबावं, आम्ही वाट बघू. लहान मुलं खाली खेळत असतील तेव्हा आम्ही उतरणार नाही. आणि यातलं काही मोडलं तर मला सांगावं लागणार नाही, मी स्वतः त्याला घेऊन जाईन.”

एवढं बोलून ते बसले. माझी फाईल मांडीवर उघडीच होती. इतक्या वर्षांच्या संसारात मला या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो लपवायला मी फाईलमध्ये तोंड घालून बसले. ठरलं ते असं, की सध्या राहू द्या, उन्हाळा संपेपर्यंत बघू.

“आम्ही येतोय” आमच्या बिल्डिंगमध्ये रुळलं. मुलं आता एकमेकांवर धावून जातानाही तेच ओरडतात. हे मात्र रोज पहाटे आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी भर दुपारीही, रस्ता रिकामा असेल अशा वेळा निवडून, प्रत्येक वळणावर थांबून तेवढ्याच गंभीरपणे आवाज देतात. पायऱ्या उतरून त्यांचा गुडघा धरलाय. विचारलं तर म्हणतात, हवा बदललीये.

एप्रिलमधली गोष्ट. सुट्टीच्या दिवशी टळटळीत दुपारी हे त्याला घेऊन खाली उतरले, मी बाल्कनीत कपडे काढत होते. फाटकातून बाई आल्या. हातात भाजीची पिशवी, डोक्याला आणि तोंडाला पांढरा स्कार्फ घट्ट बांधलेला, नुसता चष्मा दिसत होता. कुत्रा जागच्या जागी ताठ झाला. मानेवरचे केस उठलेले मला वरूनही दिसले. यांनी त्याला ओढलं नाही. पट्टा सैल ठेवून ते त्याच्या शेजारी उभे राहिले. “बाई, तुम्ही थांबा, आम्ही मागं होतो,” म्हणाले.

बाई थांबल्या. मागं वळून फाटकाबाहेर जाता आलं असतं, नेहमी त्या तेच करतात. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग त्या उन्हात दोन्ही हात मागं नेऊन गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना. हात खाली घेऊन त्यांनी पुन्हा गाठ धरली. शेवटी स्कार्फ निघाला. केस विस्कटलेले, चेहरा घामानं डबडबलेला, आणि बाई तशाच तोंड उघडं ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

“बघ,” त्या म्हणाल्या, “मीच आहे.”

कुत्रा बघत राहिला. मग जाळीतूनच जोरात शिंकला आणि यांच्या पायाशी खाली बसला. बाईंनी पिशवी उचलली, भिंतीच्या कडेकडेनं, जितकं लांबून जाता येईल तितक्या लांबून जिन्यापर्यंत गेल्या. पहिल्या पायरीवर त्या थांबल्या आणि जिन्यात कुणी नसताना मोठ्यानं म्हणाल्या, “मी येतेय.”