जिनिंगच्या भिंतींवर रजया

मी हॉलच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली. टाळी समोरच्या भिंतीवर आपटून परत आली, मागच्या भिंतीवर गेली, तिथूनही परतली, मग वर पत्र्यात शिरली आणि तिथंच फिरत राहिली.

“कसं वाटतं मॅडम?” केतननं विचारलं.

“मॅडम, मॅडम,” भिंतींनीही विचारलं.

केतनचे वडील, वानखडे काका, दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, “बाई, काल ते पोरगी इथं गाऊन पायत होती. अर्धा घंटा आयकलं म्या. मराठी होतं का हिंदी होतं, तेवढंबी समजलं नाई मले.”

गुरुवार होता. पहिला कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी.

ही जागा म्हणजे अमरावतीत बडनेरा रोडवरची बंद पडलेली जिनिंग, सरकीपासून रुई वेगळी करायचा कारखाना. यंत्रं केव्हाच विकली होती. उरल्या होत्या उंच विटांच्या भिंती, वर पत्रे आणि खाली नवीन गुळगुळीत फरशी. केतन पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकला, तिथंच काही वर्षं नोकरी केली आणि परत आला. त्याला इथं पब काढायचा होता. जेवण, बिअर आणि शनिवारी लाइव्ह म्युझिक. काकांची अट एकच होती, ती त्यांनी मलाही ऐकवली.

“खताच्या गोदामासाठी एक जण मागं लागला हाय. त्याले सोमवारी सांगतो म्हटलं. शनिवारी मी सोता इथं बसतो. जमलं तं पोराचं. नाई जमलं तं सोमवारी चावी त्याले.”

केतन फरशीकडे पाहत होता. ती फरशी त्यानं फार हौसेनं निवडली होती, आणि माझी निम्मी अडचण तीच होती. पण हे त्याला तेव्हा सांगावंसं वाटलं नाही.

माझं काम साउंड इंजिनिअरचं. गाणाऱ्याचा आवाज माइकमधून मिक्सरमध्ये येतो आणि मिक्सरमधून स्पीकरमध्ये जातो. मिक्सर म्हणजे बटणांनी भरलेलं एक टेबल. त्यामागे जी व्यक्ती बसलेली असते आणि जिच्याकडे सगळं बिघडेपर्यंत कुणी बघत नाही, ती मी. राजापेठेत आमचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि धाकट्या भावाचं, सुनीलचं. मी फिजिक्स शिकलेली, वायरी आणि पुस्तकांमध्ये बरी. गिऱ्हाइकाशी बोलणं, त्याला हसवणं, माइक हातात घेऊन “हॅलो, चेक” म्हणणं हे सुनीलचं खातं. उन्हाळ्यात सुनील गेला. झोपेतच. त्यानंतर बरेच महिने मी दुकानाचं शटर वर केलं नाही. केतन त्याचा मित्र, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही. हे माझं एकटीचं पहिलं काम होतं.

आता अडचण काय होती ते सांगते. आवाज चेंडूसारखा असतो. कडक भिंतीवर आदळला की परत येतो, मऊ वस्तूवर पडला की तिथंच बसतो. इथं सगळंच कडक. म्हणजे गायिकेचा एक शब्द कानात शिरतो न शिरतो तोच मागचे चार शब्द भिंतीवरून परत येणार. व्हॉल्यूम वाढवला तर गोंधळही वाढणार. यावर मिक्सरमध्ये कुठलंही बटण नसतं. लोकांना ते असतं असं वाटतं.

“मॅडम, मी सोय केली आहे,” केतन म्हणाला आणि त्यानं गाडीची डिकी उघडली. डिकीत अंड्याचे ट्रे होते. मागच्या सीटवरही ट्रे होते. “यूट्यूबवर पाहिलं. स्टुडिओत हेच लावतात.”

ट्रे रिकामे होते, वास भरलेला होता.

“यानं फार फरक पडत नाही,” मी म्हणाले. “पातळ पुठ्ठा आहे. आवाज जिरायला जाड, मऊ, आत हवा असलेलं काहीतरी हवं. तयार पॅनल मिळतात.”

“पुण्याहून मागवू?”

“शनिवारपर्यंत येणार नाहीत.”

काकांनी ट्रेकडे पाहिलं. “पबमंधी अंडे उबवता का बे?”

मी काकांना विचारलं, जिनिंग चालू होती तेव्हा इथं घुमायचं का? ते म्हणाले, तेव्हा मशीनपुढे कुणाला काय ऐकू येणार. पण दुपारी मशीन बंद असताना रुईच्या ढिगामागे माणूस झोपला तर त्याला कितीही हाका मारा, त्याला पत्ता नाही. “एक मजूर तं पगाराच्या दिवशी तिथंच झोपला राहिला,” काका म्हणाले.

मला हवं होतं ते मिळालं. भिंती तेव्हाही याच होत्या. फक्त मध्ये रुई होती. आता रुईचा ढीग कुठून आणणार? पण वऱ्हाडात अशी रुई घरोघरी असते, कपाटाच्या वर, कापडात शिवून ठेवलेली. पाहुण्यांसाठीच्या रजया.

मी केतनला सांगितलं, त्यानं त्याच्या आईला फोन केला. काकूंनी मोबाइल स्पीकरवर टाकायला लावला आणि थेट मलाच विचारलं, “किती लागतीन?”

“साठेक तरी.”

“आन करता काय त्याचं?”

“भिंतीला लावायच्या.”

काकू म्हणाल्या, “बरं. पण जिच्या घरी लग्न हाय तिले नाई मांगत मी. आन माया नंदेची सॅटिनची हाय, ते सगळ्यात वर लावा. तिनं पायली पायजे.”

शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो भरून रजया आल्या. माझ्या घरच्याही दोन मी नेल्या, त्यातली एक सुनीलची. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांना दोऱ्या बांधल्या, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी रजया टांगल्या. अंतर ठेवलं की त्या आवाज जास्त खातात. लाल, पोपटी, मोरांच्या, गुलाबांच्या, आणि सगळ्यात वर नणंदेची जांभळी सॅटिन.

मी मधोमध उभी राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि थांबली.

केतन म्हणाला, “मॅडम, आवाज मस्त झाला. पण पब आता धोबीघाट दिसतो.”

“लाइट कमी ठेव,” मी म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले असावे, कारण केतन माझ्याकडे जरा चमकून बघत होता.

शनिवारी दुपारी येऊन पाहते तर माझा मिक्सर जागेवर नाही. वायरी फरशीवरून सरपटत एका लाकडी पार्टिशनमागे गेल्या होत्या. तिकडे टेबल, उशी लावलेली खुर्ची, पाण्याचा जग आणि समोर पडदा. आपल्याकडे बारमध्ये बायकांनी बसायची जागा वेगळी असते, तोच हा फॅमिली सेक्शन.

“बाई माणूस, लोकाईच्या मंधात कशा बसतीन,” काका म्हणाले. त्यांनी स्वतः उभं राहून हे करवून घेतलं होतं.

साउंड इंजिनिअरला लोक जिथं बसतात तिथंच बसावं लागतं, नाहीतर लोकांना काय ऐकू येतं ते तिला कळत नाही. पडद्यामागे बसून साउंड करणं म्हणजे शेजारणीच्या जिभेवर आपल्या भाजीचं मीठ बघणं. सुनीलनं हे काकांना कसं गोड बोलून सांगितलं असतं ते मला माहीत होतं. मला तसं जमत नाही. मी म्हणाले, “काका, इथं बसले तर शनिवार गेला.”

काकांनी उशी काखेत घेतली आणि स्वतःच खुर्ची बाहेर आणली.

पाहुणे होते अकोल्याचा सायकल ग्रुप. केतननं त्यांना पहिल्या दिवसाचं आमंत्रण दिलं होतं. चाळीसएक जण. जठारपेठेतले दाताचे डॉक्टर सोनोने त्यांचे पुढारी. सकाळी निघून अंधार पडताना ते येऊन पोचले. महागाच्या सायकली बाहेर ठेवायला कुणी तयार होईना, म्हणून त्या आत आल्या आणि रजयांखाली ओळीनं उभ्या राहिल्या. डॉक्टरांचा नियम, घंटी नाही तर ग्रुपमध्ये नाही, कारण रस्त्यात बकऱ्या येतात.

मग मतं सुरू झाली. सायकल चालवून आलेला माणूस सगळ्याबद्दल मत देतो.

“मूर्तिजापूरपासून वारा समोरून होता.”

“वारा नव्हता, तुझं पोट होतं.”

“हे नाचोज म्हणजे काय?”

“पापडच. तुकडे करून देतात, म्हणून महाग.”

“रोडगे आहेत का बाप्पा? रोडगे असतील तर कार्ड कशाला दाखवून राहिले?”

रोडगे होते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे. वांग्याची भाजीही होती. काकूंनी केतनच्या मेनूकडे न बघता ते केलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात पिझ्झा तसाच राहिला आणि रोडगे दोनदा आले.

गायिका सायली, कीबोर्डवाला आणि ड्रमवाला स्टेजवर चढले. पहिलं गाणं स्वच्छ गेलं. काका दाराजवळ हाताची घडी घालून बसले होते. केतन माझ्याकडे बघून अंगठा वर करत होता. तेवढ्यात मला सायलीच्या आवाजामागे दुसरी सायली ऐकू आली.

मी मिक्सर तपासला. तिथं काही नव्हतं. मग मान वळवली.

डिसेंबर होता. पत्र्याचा हॉल. सायकलवाले घामानं भिजलेल्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, आणि त्यांच्या बॅगा घेऊन टेम्पो ठरल्याप्रमाणे लॉजवर गेला होता. कोपऱ्यातल्या एकानं भिंतीवरची रजई ओढली. चिमटे टपटप पडले. त्यानं ती पांघरली आणि पुन्हा रोडग्याकडे वळला. ते पाहून शेजारच्यानं ओढली. मग तिसऱ्यानं, आणि पुढे कुणी कुणी दोन-दोन. डॉक्टर सोनोन्यांनी खुर्चीवर चढून जांभळी सॅटिन काढली. एका जाड्या माणसानं सुनीलची चौकड्यांची रजई डोक्यावरून घेतली आणि तिच्यातून फक्त तोंड बाहेर काढून सूप पिऊ लागला. गाणं संपेपर्यंत भिंती उघड्या झाल्या होत्या आणि आवाज पुन्हा पत्र्यात फिरत होता.

केतन धावत आला. “मॅडम, परत घेऊ का त्यांच्याकडून?”

“कुडकुडणाऱ्या पाहुण्याच्या अंगावरून?”

“मग काय करू? बाबा बघताहेत.”

काका खरंच बघत होते. ते खुर्चीवरून उठलेही होते.

मी रजयांकडे पाहिलं. रजया कमी झाल्या नव्हत्या. त्या फक्त भिंतीवरून माणसांवर गेल्या होत्या, आणि माणूस स्वतःही आवाज चांगला खातो. ही सगळी रुई हॉलभर विखुरलेली होती, एवढंच. ती स्पीकरसमोर आली असती तर आवाज भिंतीपर्यंत जायच्या आधी तिच्यातच जिरला असता. पण हे चाळीस माणसांना कुणीतरी सांगायला हवं होतं. हे काम नेहमी सुनील करायचा.

मी स्टेजवर गेले आणि सायलीच्या हातातून माइक घेतला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“ज्यांनी रजया घेतल्या आहेत,” मी म्हणाले, “त्यांनी आपली ताटं घेऊन पुढे यावं. आता तुम्ही साउंड सिस्टीमचा भाग आहात. दाटीवाटीनं बसावं, आणि गाणं चालू असताना रजई काढू नये.”

आधी डॉक्टर सोनोने सॅटिन सावरत उठले. “चला रे. आपले पार्ट सैल झाले म्हणून राहिल्या मॅडम.”

सगळे आले. मी मोठे स्पीकर खाली झुकवले, म्हणजे आवाज माणसांवर पडेल, वर जाणार नाही. व्हॉल्यूम निम्मा केला. ड्रमवाल्याच्या काठ्या काढून घेतल्या आणि हातानं वाजवायला सांगितलं. तो म्हणाला, अपमान आहे. मी म्हणाले, हो.

सायली पुन्हा गायला लागली, माइक असूनही समोरच्याशी बोलल्यासारखी. समोर चाळीस गाठोडी, गाठोड्यांना तोंडं, तोंडांत वांग्याची भाजी. गाणं संपलं. सगळ्यांचे हात रजईत अडकलेले, टाळी निघेना. तेव्हा कडेला सायकलींना टेकून बसलेल्या एकानं घंटी वाजवली. पुढच्या गाण्याला दहा घंट्या वाजल्या. त्यापुढच्या गाण्याला कीबोर्डवाला हसून हसून सूर विसरला आणि सायली पाठ फिरवून डोळे पुसत राहिली. मी मिक्सरवर डोकं टेकवून हसत होते. पोटात दुखेपर्यंत हसत होते, आणि ते दुखणं मला ओळखीचं वाटलं, सुनील असताना व्हायचं तसं.

शेवटी सायलीनं काकांच्या तरुणपणचं एक जुनं हिंदी गाणं घेतलं. ते संपल्यावर काका लोकांमधून वाट काढत पुढे आले. त्यांच्याही खांद्यावर कुणीतरी मोरांची रजई टाकली होती. त्यांचा चेहरा नाराज होता. केतन माझ्या शेजारी ताठ उभा राहिला.

“पोरी,” काका सायलीला म्हणाले, “दुसरं कडवं तू पयले गायली. आन पयलं मंग.”

“सॉरी काका.”

“एवढं चांगलं गाणं, उलटंपालटं केलं.”

ते जाऊन पुन्हा खुर्चीवर बसले. केतन हळूच म्हणाला, “संपलं मॅडम. आवडलं नाही त्यांना.”

“अरे, बुधवारी त्यांना गाण्याची भाषाही कळली नव्हती,” मी म्हणाले. “आज कडवं चुकलेलं कळलं.”

केतनला ते समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तो एका रिकाम्या टेबलावर जाऊन बसला आणि थंड झालेला पिझ्झा एकटाच खाऊ लागला.

सोमवारी काकांनी गोदामवाल्याला दुसरी जागा बघायला सांगितलं. रजया परत गेल्या. सॅटिनवर वांग्याच्या रश्शाचा डाग पडला होता, म्हणून काकूंना नणंदेला नवीन रजई द्यावी लागली. तिनं ती आधीपेक्षा भारी मागून घेतली. डिसेंबर-जानेवारीत जिनिंगमध्ये शनिवारी गर्दी असते आणि दारातच प्रत्येकाला एक रजई मिळते. अकोल्याहून लोक त्यासाठीच येतात, काही सायकलवर, बरेचसे गाडीनं.

मेमध्ये अमरावतीत कोण रजई पांघरणार, हे केतननं मला अजून विचारलेलं नाही. मीही तो विषय काढलेला नाही. ग्राहक खूश असताना त्याला पुढचा प्रॉब्लेम आपण होऊन सांगायचा नसतो.