शून्य सरकवणारा

आमच्या ओळखीच्या लेथवाल्याचं प्रत्येक वाक्य 'इमानानं सांगतो'पासून सुरू होतं. मेहकरच्या आठवडी बाजारात मोजमापाची जुनी अवजारं घ्यायला मी त्याच्यासोबतच जातो.

परवा एक बाई वारलेल्या नवऱ्याचा मायक्रोमीटर विकायला घेऊन बसली होती. यानं तो हातात घेतला, पाठ वळवली आणि खिशातल्या बारीक किल्लीनं त्याचं शून्य मुद्दाम सरकवलं. मी बघतच राहिलो.

"इमानानं सांगतो ताई, याचं माप खोटं हाय. निम्म्यात दे."

"मंग फुकटच ने, भाऊ. खोटं माप इकलं तं आमचे मालक वरून काय म्हणतीन?"

त्यानं खरंच फुकट नेला. त्याच्याच गाडीवर मागे बसून मी घरी आलो.